आधी सारखे माना

'संशोधनातून सिद्ध झालंय की' अशी सुरुवात असलेला मेसेज फोनवर आला, की पुढे काय असणार हे मला साधारण ठाऊक असतं. दोन गट असतात. बायका आणि पुरुष. शाकाहारी आणि मांसाहारी. इंग्रजी माध्यमवाले आणि मराठी माध्यमवाले. शहरातले आणि गावाकडचे. आणि आडवळणाने, नाव न घेता, या जातीचे आणि त्या जातीचे. दोघांत काहीतरी फरक सापडलेला असतो, आणि त्या फरकाच्या पोटात एक निकाल दडवलेला असतो: हे वरचे, ते खालचे. शेवटी हात जोडलेली इमोजी.

माझं पोट दोन गटांची तुलना करण्यावरच चालतं. मी एका ॲपवाल्या कंपनीत डेटाचं काम करते. निम्म्या लोकांना बटण हिरवं दाखवायचं, निम्म्यांना निळं, आणि कुठल्या गटाने ते जास्त दाबलं हे मोजायचं. आमच्यात याला ए-बी टेस्ट म्हणतात. तुम्ही वापरता त्या मोठ्या ॲपांमध्ये तुम्हीही कधी ना कधी 'ए' किंवा 'बी' झालेले असताच. तुम्हाला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

तेव्हा रोज हे हत्यार हातात धरणारी बाई म्हणून सांगते. ज्या शास्त्राचं नाव घेऊन हे मेसेज फिरतात, त्या शास्त्राची पहिली पायरी या मेसेजच्या बरोब्बर उलटी आहे. दोन गटांची तुलना करताना संख्याशास्त्र सुरुवातीला म्हणतं: दोघं सारखे आहेत असं धरून चालू. याला 'नल हायपॉथेसिस' म्हणतात, आपल्या पुस्तकांत शून्य परिकल्पना. कोर्टात आरोपी आधी निर्दोष असतो, तसं. फरक आहे असं ज्याला म्हणायचंय, पुरावा त्याने आणायचा. सारखे आहोत म्हणणाऱ्याने काही सिद्ध करायचं नसतं.

आपल्या समाजात हे उलटं चालतं. आपल्याकडे माणसं वेगळी आहेत हे आधीच ठरलेलं असतं. जो 'सारखी आहेत' म्हणेल त्याच्याकडे पुरावा मागितला जातो. आणि तो मागताना तोंडी भाषा मात्र संशोधनाची असते. माझं भांडण या लबाडीशी आहे.

आधी हत्यार नेमकं काय करतं ते पाहू. समजा, गणिताचे दोन क्लास आहेत, अ आणि ब. दोन्हींतली ३०-३० मुलं घेतली. अ क्लासची सरासरी ६२ गुण, ब क्लासची ६०. मुलांचे गुण अर्थातच सगळे सरासरीवर येऊन बसत नाहीत; ते साधारण १२ गुणांनी इकडेतिकडे विखुरलेले आहेत. आता चाचणी विचारते: दोन्ही क्लास खरं तर सारखेच असते, तर निव्वळ योगायोगाने दोन गुणांचा किंवा त्याहून मोठा फरक कितीदा दिसला असता? उत्तर येतं, शंभरातून जवळजवळ ५२ वेळा. म्हणजे या फरकावर जाहिरात छापण्यात अर्थ नाही. ही जी शक्यता आपण काढली, तिलाच पी-व्हॅल्यू म्हणतात.

आता दोन्हींतली ३,०००-३,००० मुलं घ्या. सरासऱ्या त्याच, ६२ आणि ६०. विखुरणंही तेच. आता योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता अब्जात एकापेक्षाही कमी आहे. फरक दणदणीत 'सिग्निफिकंट' झाला. अ क्लासने खुशाल फ्लेक्स लावावा.

पण बदललं काय? फरक दोन गुणांचाच राहिला. वाढली ती फक्त मुलांची संख्या. मूठभर मुलांत जो फरक गोंगाटात हरवत होता, तो हजारोंमध्ये स्पष्ट ऐकू आला. 'सिग्निफिकंट' या शब्दाचा अर्थ एवढाच: ऐकू आला. मोठा आहे, महत्त्वाचा आहे, यातलं काहीही त्या शब्दात नाही.

आणखी एक गंमत करून पाहा. अ क्लासमधलं एक मूल आणि ब क्लासमधलं एक मूल डोळे मिटून निवडा. जास्त गुण कुणाला असतील? गुण नेहमीच्या घंटेच्या आकारात पसरलेले असतील, तर अशा शंभर जोड्यांपैकी साधारण ५५ वेळा अ-चं मूल पुढे असेल आणि ४५ वेळा ब-चं. अब्जात एक वगैरे म्हणून ज्याचा गाजावाजा झाला, तो फरक समोर बसलेल्या एका मुलाबद्दल एवढंच सांगतो. जवळजवळ नाणेफेक.

हा हिशेब लक्षात ठेवा, कारण यावर लोकांच्या नोकऱ्या ठरतात. मी आधी काम करत होते त्या एका कंपनीत (नाव घेत नाही) एका बैठकीत एक स्लाइड आली. मोठ्या शहरांबाहेरच्या कॉलेजांतून आलेली मुलं सरासरीने लवकर नोकरी सोडतात, असं त्यात होतं. फरक काही आठवड्यांचा. पण नोंदी भरपूर होत्या, त्यामुळे पी-व्हॅल्यू अगदी नाजूक, शून्याच्या शेजारी. मी विचारलं, दोन्ही गटांचे आलेख एकावर एक ठेवले तर कितपत वेगळे दिसतात? साहेब म्हणाले, "सिग्निफिकंट आहे ना? मग झालं." त्यानंतर त्या कॉलेजांचे अर्ज माणसाच्या नजरेला पडण्याआधीच गळू लागले. लातूरच्या किंवा चंद्रपूरच्या एखाद्या मुलीने तिथे अर्ज केला असेल, तर तिला कधीच कळलं नसेल की आपल्याला नाकारलं ते आपण न पाहिलेल्या लोकांच्या सरासरीने.

माणसाला त्याच्या गटाच्या सरासरीची शिक्षा देणं याला मराठीत जुना शब्द आहे. पण तो उच्चारला की बैठकीतले लोक अस्वस्थ होतात, आणि 'डेटा-ड्रिव्हन' म्हटलं की खूश होतात.

मुळात हे हत्यार बनवणारे लोक इतके भाबडे नव्हते. दोन लहान नमुन्यांच्या सरासऱ्या ताडून बघायची जी टी-टेस्ट कॉलेजात घोकवतात, तिचा पाया १९०८ साली विल्यम गॉसेट या माणसाने घातला. तो डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीत कामाला होता आणि 'स्टुडंट' या टोपणनावाने लिहायचा. त्याच्यापुढचे प्रश्न बार्लीचे, हॉप्सचे आणि मद्याच्या प्रतीचे होते. कुठलं बियाणं लावलं तर किती जास्त मिळेल आणि तेवढ्यासाठी खर्च करणं परवडेल का, याच्याशी त्याला मतलब होता. 'किती' हा प्रश्न त्याने कधी सोडला नाही. पुढे १९२५ साली रोनाल्ड फिशरच्या पुस्तकाने विसात एक, म्हणजे ०.०५ ही रेघ लोकप्रिय केली. एक सोयीची रेघ म्हणून. तिची पुढे लक्ष्मणरेषा झाली. शेवटी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संघटनेला अधिकृत निवेदन काढून सांगावं लागलं की पी-व्हॅल्यू फरकाचा आकार किंवा महत्त्व मोजत नाही, आणि फक्त ती रेघ ओलांडली म्हणून निर्णय घेऊ नका. शास्त्राच्या माहेरघरातूनच असं पत्रक निघतं, यावरून रोग किती पसरलाय ते समजावं.

फोनच्या जमान्यात हा रोग वाढला, कारण नमुने अवाढव्य झाले. २०१२ च्या जानेवारीत फेसबुकने एक आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमध्ये ढवळाढवळ केली. काहींना आनंदी पोस्ट कमी दाखवल्या, काहींना दुःखी. मग ते लोक स्वतः काय लिहितात ते मोजलं. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आला: भावना संसर्गजन्य असतात. जगभर बातम्या झाल्या. फरक केवढा होता? आनंदी पोस्ट कमी दिसलेल्या लोकांच्या लिखाणात आनंदी शब्दांचं प्रमाण ०.१ टक्क्याने घटलं. हजार शब्दांमागे एक शब्द. एवढे लोक नसते, तर हा फरक कुणाच्या कानावरही आला नसता. त्यांची परवानगी नीट घेतली नव्हती म्हणून आरडाओरड झाली ती योग्यच होती, आणि ते छापणाऱ्या नियतकालिकाला त्याबद्दल चिंता व्यक्त करणारी टीपही काढावी लागली. पण हजारात एका शब्दावर 'सिद्ध झालं' म्हणणाऱ्यांना तेवढ्या जोरात कुणी विचारलं नाही.

इथवर हा फारतर धांदरटपणा वाटेल. पण माणसांचे गट मोजायची हौस धांदरटपणातून आलेली नाही. तिला इतिहास आहे, आणि त्यात आपण आहोत.

१८९१ साली हर्बर्ट रिस्ली या ब्रिटिश अधिकाऱ्याने बंगालच्या जाती-जमातींवरचा ग्रंथ काढला. त्याने लोकांची नाकं मोजली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर, हा झाला नासिकांक. गटागटाच्या सरासऱ्या काढून त्याने नियम सांगितला: नाक जितकं रुंद, तितकी जात समाजात खाली. आजच्या चाचण्या तेव्हा नव्हत्या. विखुरणं किती, एका जातीतली नाकं दुसऱ्या जातीतल्या नाकांत किती मिसळलेली, हे प्रश्न त्याच्या नियमात कुठेच नव्हते. आणि हाच माणूस पुढे १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला, जिच्यात जाती सामाजिक मानाच्या उतरंडीने लावायचा खटाटोप झाला. आधी उतरंड मनात, मग नाकावर फूटपट्टी.

या फूटपट्टीला आपल्याकडच्या लोकांनी तिच्याच भाषेत उत्तर दिलं. मुंबई विद्यापीठातले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या पुस्तकात प्रांताप्रांताची मापं तपासून दाखवलं की रिस्लीचा नियम उत्तरेतला एक पट्टा सोडला तर टिकत नाही. १९४८ साली बाबासाहेब आंबेडकरांनी 'द अनटचेबल्स'मध्ये तेच नासिकांक घेतले आणि म्हणाले, या मापांवर तुमचा विश्वास असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. 'आकडे काय, कसेही फिरवता येतात' म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. आकडे टेबलावर घेतले आणि ते कुणाच्या बाजूने बोलतात ते दाखवलं.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते इरावती कर्व्यांबद्दल. आपण त्यांना 'युगान्त'मुळे ओळखतो. त्याआधीच्या इरावतीबाई या विशीतल्या संशोधक होत्या. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला गेल्या, मानववंशशास्त्र आणि सुप्रजननशास्त्राच्या एका नव्या संस्थेत. मार्गदर्शक होते तिथले संचालक ऑयगन फिशर. (मघाचा फिशर इंग्रज, हा जर्मन, नात्याने काही नाही, विचाराने बरंच.) या फिशरचे वंशविचार पुढे नाझींच्या कामी आले, आणि १९३३ मध्ये तो बर्लिन विद्यापीठाचा रेक्टर झाला. इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या असमानतेचा. माणसाची कवटी डावी-उजवीकडे तंतोतंत सारखी नसते. गोऱ्या युरोपियनांमध्ये ही असमानता वेगळी असते, कारण त्यांच्या मेंदूचा बुद्धीचा भाग मोठा असतो, अशी गुरूची अटकळ होती. शिष्येने कवट्या मोजायच्या आणि ते दाखवून द्यायचं.

तिने दीडशेच्या आसपास कवट्या मोजल्या. युरोपातल्या आणि युरोपाबाहेरच्या. आणि लिहिलं की असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही.

जरा डोळ्यांसमोर आणा. परका देश, परकी भाषा, डॉक्टरेट अडकलेली, आणि समोर संस्थेचा सर्वेसर्वा. त्याला 'फरक आहे' हे उत्तर हवंय. कवट्यांच्या आकड्यांतून एखादी सोयीची सरासरी काढून पुढे करणं काय अवघड होतं? बाई 'फरक दिसत नाही' म्हणाल्या. 'नल हायपॉथेसिस' हा शब्द इंग्रज फिशरने पुस्तकातून रूढ केला तो १९३५ मध्ये. इरावतीबाईंनी ती वृत्ती त्याच्या आधीच पाळली होती.

आणि ज्याने तो शब्द दिला, त्याने माणसांच्या बाबतीत तो पाळला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युनेस्कोने वंशभेदाविरुद्ध निवेदनं काढली, तेव्हा रोनाल्ड फिशरने हरकत घेतली. त्याचं म्हणणं, मानवी गट उपजत बौद्धिक आणि भावनिक क्षमतेत खोलवर भिन्न आहेत. शेतातल्या गव्हाच्या दोन वाणांना त्याने जो न्याय दिला, तो माणसांना द्यायला तो तयार नव्हता. गणित येणं आणि गणिताचं ऐकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कर्व्यांना देव्हाऱ्यात बसवायची मला घाई नाही. पुढे त्यांनीही वि. म. दांडेकरांबरोबर महाराष्ट्रातल्या जातींची शारीरिक मापं घेतली, आणि १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजने ती छापली. त्या सगळ्या उद्योगाशी वाद घालता येतो, घालावाही. पण बर्लिनमधल्या त्या कामातली एक गोष्ट आपल्याला आज हवी आहे: आपल्याला जे ऐकायचंय ते आकडे बोलत नसतील, तर तसं लिहायची तयारी.

आता एक प्रामाणिक आक्षेप. "पण फरक खरंच असले तर? पुरोगामी दिसायचं म्हणून सत्य झाकायचं का?" मुळीच नाही. पुरुष बायकांपेक्षा सरासरीने दहा-बारा सेंटीमीटर उंच असतात. चाचणी लावा, 'सारखे' हे गृहीतक पहिल्याच फटक्यात कोसळेल, आणि मी हसत मान्य करेन. गृहीतक हे पूजेसाठी नसतं, पाडून दाखवण्यासाठीच असतं. पण पाडून दाखवल्यावर दोन प्रश्न उरतात. किती? आणि कशामुळे? 'किती'चं उत्तर वर क्लासच्या उदाहरणात पाहिलं. 'कशामुळे'ची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाची आहे.

१९७३ मध्ये बर्कलीत पदव्युत्तर प्रवेशासाठी ८,४४२ पुरुषांनी अर्ज केले, ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला. ४,३२१ बायकांनी केले, ३५ टक्क्यांना मिळाला. एवढा फरक योगायोगाचा असूच शकत नाही. कुठलीही चाचणी तेच सांगेल. मग बायकांवर अन्याय झाला? की बायका कच्च्या? पीटर बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विभागवार आकडे काढले आणि चित्र फिरलं. बहुतेक विभागांत ठळक फरक नव्हता, आणि एकत्र हिशेब केला तर कल किंचित बायकांच्या बाजूचा निघाला. मोठ्या विभागांपैकी एकात तर ६२ टक्के पुरुष घेतले होते आणि ८२ टक्के बायका. फरक आला कुठून? बायकांनी जास्त करून अशा विभागांत अर्ज केले होते, जिथे जागा कमी आणि गर्दी जास्त; तिथे पुरुषही तसेच गळत होते. आणि बायका त्याच विभागांकडे का वळल्या, याचं उत्तर प्रवेश समितीच्या खोलीत नव्हतं. शाळेत कुणाला गणिताकडे ढकललं आणि कुणाला त्यापासून दूर ठेवलं, तिथे ते शोधावं लागतं.

म्हणजे चाचणीने खरंच सांगितलं होतं, फरक आहे. पण 'बायका कच्च्या' हे तिने सांगितलं नव्हतं आणि 'समिती पक्षपाती' हेही नाही. ते आपण आपल्या खिशातून घातलं असतं. इंग्रजी माध्यमाची मुलं पुढे जातात, हे वाक्य पुढच्या वेळी ऐकाल तेव्हा विचारा: शाळेत पाऊल टाकायच्या आधी ती कुठे उभी होती? घरात पुस्तकं कुणाच्या, फी कुणाला परवडली, आई-बाप किती शिकलेले? हे न विचारता दोन सरासऱ्या शेजारी ठेवणं म्हणजे शर्यतीच्या शेवटी घड्याळ बघायचं आणि कोण कुठून निघालं ते विसरायचं.

आणखी एक पळवाट बुजवायला हवी. 'आधी सारखे माना' याचा आडोसा बलवानही घेतात. अमेरिकेत मॅट्रिक्स नावाच्या कंपनीचं सर्दीवरचं एक औषध होतं, नाकात घालायचं. ते वापरल्यावर वास येणंच बंद झालं, अशा तक्रारी कंपनीच्या कानावर येत होत्या. ते गुंतवणूकदारांपासून लपवलं म्हणून खटला झाला. कंपनीचा बचाव असा की या तक्रारी 'सिग्निफिकंट' ठरण्याइतक्या नाहीत, म्हणून त्या सांगायची गरजच नव्हती. २०११ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने हा बचाव फेटाळला. रेघ ओलांडली नाही, एवढ्यावरून धोका क्षुल्लक ठरत नाही.

मग माझं म्हणणं दोन्हीकडे बोलतंय का? नाही. जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ मध्ये स्वच्छ मांडून ठेवलंय की चूक दोन प्रकारची असते. नसलेला फरक आहे म्हणणं, आणि असलेला फरक नाही म्हणणं. एक कमी करायला जाल तर, नमुना तोच ठेवून, दुसरी वाढते. कुठली चूक जास्त महागात पडते हे गणित ठरवत नाही, माणसं ठरवतात. म्हणून मी प्रत्येक वेळी हे बघते की चुकीचं बिल कुणाच्या नावाने फाटणार आहे. औषधाने हानी होत नाही असं कंपनी चुकून म्हणाली, तर बिल रुग्ण भरतो, तिथे ०.०५ ची वाट बघत बसणं हा दुष्टपणा आहे. अमुक गट कमअस्सल आहे असं कुणी चुकून म्हणालं, तर बिल त्या गटातलं प्रत्येक मूल जन्मभर भरतं. तिथे पुरावा पोलादी हवा. दोन्हीकडे नियम एकच आहे. ज्याच्याकडे कमी ताकद आहे त्याच्या खांद्यावर पुराव्याचं ओझं टाकू नका.

शेवटी थोडं आपल्याच लोकांशी, म्हणजे वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांशी. आपल्यात एक फॅशन आहे. आकडे आले की नाक मुरडायचं. 'माणूस म्हणजे काय आकडा आहे का?' म्हणायचं आणि कवितेकडे वळायचं. माफ करा, पण यामुळे रिस्लीचं काहीच बिघडत नाही. त्याच्या फूटपट्टीला ज्यांनी उत्तर दिलं ते आकड्यांत उतरले होते. तुम्ही मैदान सोडलंत की ते 'संशोधनातून सिद्ध झालंय'वाल्यांना मोकळं मिळतं, आणि तुमच्या भाचीने गणित घ्यावं की नाही हे एखादा चाळीस सेकंदांचा रील ठरवतो. संख्याशास्त्र हे माणसाला आकडा करण्याचं शास्त्र आहे, असं मला इतकी वर्षं काम करून वाटत नाही. मला ते शंका घेण्याचं शास्त्र वाटतं, आणि शंका घेणं हे तर साहित्यवाल्यांचंच काम.

त्यासाठी सूत्रं पाठ असायची गरज नाही. पुढच्या वेळी घरच्या ग्रुपवर काका दोन गटांची तुलना टाकतील, तेव्हा इमोजी टाकून गप्प बसू नका. नीट, आदराने विचारा. काका, फरक किती आहे? एका गटातल्या लोकांमध्ये आपसांत जेवढा फरक असतो, त्याहून मोठा आहे का? तो कशामुळे आला असेल, दोन्ही गट निघाले कुठून? आणि हे खोटं निघालं तर कुणाचं नुकसान होईल?

काका बहुतेक म्हणतील, "तुला काय म्हणायचंय, सगळे सारखे असतात?" तेव्हा सांगा: नाही काका, मी काहीच म्हणत नाहीये. म्हणताय तुम्ही. मी तुमच्या पुराव्याची वाट बघतेय.